चाळीस खाटांची यादी

आमच्या वऱ्हाडात रांगेच्या शेवटी उभं राहणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. अकोल्याच्या बसस्टँडवर मी एकदा अडीचशे जणांची रांग पाहिली, त्यातले दोनशे चाळीस पहिल्या नंबरवर होते. उरलेले दहा बाहेरगावचे असावेत. अशा मुलखात मी नावं शेवटी जोडणारा प्रोग्राम लिहिला, यावरूनच माझी अक्कल कळावी.

मी अकोल्याचा, पण तेव्हा अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर नोकरी करत होतो. आमची कंपनी म्हणजे मालक, मी, तीन कॉम्प्युटर आणि एक कूलर. कूलरचा आवाज असा की गिऱ्हाइकाला वेबसाइटचा दर ओरडून सांगावा लागे आणि खालची मुलं तो वहीत उतरवून घेत.

एक दिवस मुलींच्या वसतिगृहाचं काम आलं. चाळीस खाटा. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी पेपरात जाहीर केलं होतं की यंदा प्रवेश ऑनलाइन, जिचा अर्ज आधी येईल तिला आधी खाट, वशिला कायमचा बंद. हे सांगताना छाती इतकी फुगली होती की फोटोतलं त्यांचं कोपर शेजारच्या बातमीतल्या सोयाबीनवर टेकलं होतं.

मी प्रोग्राम लिहिला. सर्व्हरवर एक फाइल, म्हणजे वहीच समजा. अर्ज आला की वही उघडायची, शेवटच्या ओळीखाली मुलीचं नाव, गाव, मार्क आणि अर्जाची वेळ लिहायची आणि मिटायची. जुन्या ओळींना हात लावायचा नाही. ही झाली जोडण्याची रीत. फाइल उघडायची दुसरीही एक रीत असते: ती उघडतानाच वहीची सगळी पानं फाडून चुलीत टाकते आणि कोऱ्या पुठ्ठ्यावर लिहायला बसते. कॉम्प्युटर दोन्ही कामं सारख्याच आनंदानं करतो. त्याला लाज नाही. यादी जशी वाढेल तशी वेबसाइटवर सगळ्यांना दिसत होती.

पहिल्या दिवशी दहा वाजता अर्ज सुरू झाले आणि सव्वादहाला चाळीस खाटा भरल्या. अर्ज येतच राहिले आणि यादी दोनशे बारावर जाऊन थांबली. दुसऱ्या दिवशी अकोटजवळच्या हिवरखेडहून एक अंगणवाडी सेविका आपल्या मुलीला घेऊन थेट आमचा जिना चढून आली. मुलीचा नंबर अडतीस होता.

"भाऊ, नंबर पक्का न?" आईनं विचारलं.

"पक्का, ताई. कॉम्प्युटरमध्ये लिहिला गेला."

"कॉम्प्युटरचं नाई इचारलं मी. मानसाचं इचारून राहिली."

मग तिनं सांगितलं की मुलीच्या बापानं अट घातली आहे: भाड्याच्या खोलीत पोरगी ठेवणार नाही. वसतिगृह मिळालं तर अमरावतीचं कॉलेज, नाही तर घर. मुलगी मात्र माझ्या स्क्रीनकडे बघत होती.

"दादा, हे फाइल कोन उघडू शकते?"

"मी."

"अन् दुसरं कोनी?"

"कोणी नाही," मी ऐटीत म्हणालो. पासवर्ड कूलरच्या पाठीवर काळ्या मार्करनं लिहिलेला होता, हे सांगायची गरज मला वाटली नाही.

चौथ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर काच, काचेखाली त्यांचेच फोटो, त्यामुळे कुठंही बघितलं तरी तेच बघत होते.

"एक नाव राहून गेलं," ते म्हणाले. "जावयाची भाची आहे."

"अर्ज भरायला सांगा साहेब. दोनशे तेरावा नंबर लागेल."

"खाली नाई बे, वर जोड."

"वर जोडता येत नाही, साहेब. फाइल खालीच वाढते."

"झाड वर वाढते, पोट्टे वर वाढते, मायी संस्था वर वाढली, अन् तुयी फाइल खाली वाढते? कोनं शिकवलं बे तुले?"

खरं म्हणजे वर जोडता येतं. आधी जुनी यादी वाचून बाजूला ठेवायची, मग नवी ओळ लिहायची, मग तिच्याखाली जुनी यादी. पण ते मी कशाला सांगू? मी मान खाली घालून बसलो, तर खालूनही तेच बघत होते.

मग पुण्याहून जावई आला. पुण्यात कुठल्याशा मोठ्या कंपनीत तो कॉम्प्युटरवाल्यांवर देखरेख करायचा, म्हणजे त्यांना दिवसातून चार वेळा 'झालं का' असं विचारायचा. त्याच्या अंगावर इतक्या वायरी होत्या की आधी मला वाटलं, मीटर दुरुस्त करायला आला. मालकांनी त्याला पासवर्डसाठी कूलर फिरवून दाखवला.

"अहो, किती प्राथमिक आहे हे!" जावई म्हणाला. "यादीच्या वर नाव घालायचं म्हणजे दोन ओळींचं काम."

दोन ओळींचंच होतं. फक्त त्यानं त्या उलट्या लिहिल्या. आधी फाइल नव्यानं लिहिण्यासाठी उघडली, आणि मग तिला जुनी यादी मागितली. तोवर वहीची राख झालेली. फाइलनं हात वर केले. याला ते कळलंच नाही. त्यानं भाचीचं नाव लिहिलं, त्याच्याखाली अख्खी पोकळी व्यवस्थित जोडली, "झालं" म्हणाला आणि रोडगे अन् वांग्याची भाजी जेवायला सासऱ्याकडे गेला.

दुपारी एकपासून वेबसाइटवर चाळीस खाटांसाठी एकच नाव होतं. फोन सुरू झाले. एक आजोबा म्हणाले, "कावून जी, चाळीस खाटांवर एकच पोट्टी लोळून राहिली का?" रिद्धपूरच्या एका बाईनं विचारलं, "आमच्या पोरीचं नाव कोनं खाल्लं?" तासाभरात मोबाइल इतका तापला की मालकांनी त्यावर चहा ठेवला असता तर उकळला असता.

मी धावत अध्यक्षांकडे गेलो. यादी गेली म्हणताच ते आधी पांढरे पडले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा रंग चढला, जसा मी फक्त निकालाच्या दिवशी गुलालात पाहिला आहे.

"गेली न? जाऊ दे. आता नवी करू. आपल्या हातानं. चांगल्या घरच्या चाळीस पोरी निवडू."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"तुया प्रोग्राम बिघडला म्हनून सांगू. खोटं आहे का?"

वशिला कायमचा बंद करणारा हा महापुरुष! यादी जळाली म्हणून जो खूश होतो त्याच्या हातात काडेपेटीसुद्धा देऊ नये, आणि लोकांनी त्याला वसतिगृह दिलं होतं.

तिथंच जेवत बसलेल्या जावयानं बॅकअपचं विचारलं, तेव्हा मी दाराकडे वळलो. बॅकअप होता. अर्ज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी फाइलची प्रत अगदी जपून काढून ठेवली होती. कोरी करकरीत फाइल, तीन ठिकाणी सुरक्षित. जगातल्या मूर्खांची यादी कुणी केली, तर त्यात मला अर्ज न भरता जागा मिळेल.

ऑफिसात परतलो तर हिवरखेडच्या मुलीचा फोन.

"दादा, मायं नाव नाई दिसून राहिलं."

"थोडी अडचण झाली आहे."

"बाबानं पाह्यलं. ते म्हनते, नाव नाई त जायचं नाई." ती रडत नव्हती, तेच जास्त लागलं. "तुमी त म्हटलं होतं, दुसरं कोनी उघडू शकत नाई."

फोन ठेवून मी कूलर बंद केला. कंपनीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. खालच्या मुलांना वाटलं, लाइट गेली, आणि क्लास सुटला. त्या शांततेत मला माझा एक अडाणीपणा आठवला.

अर्जातली माहिती सर्व्हरकडे पाकीटबंद पाठवायची असते. मी आळसानं ती वेबसाइटच्या पत्त्याला लोंबकळवून उघडीच पाठवत होतो, पोस्टकार्डासारखी. आणि सर्व्हरला एक खोड असते. त्याच्या दारात येणारा प्रत्येक पत्ता तो स्वतःच्या नोंदवहीत वेळेसकट लिहून ठेवतो, एकाखाली एक, कुणी न सांगता. मी ती नोंदवही उघडली. दोनशे बारा मुली तिथं ओळीनं उभ्या होत्या. तास, मिनिट, सेकंदासकट. जावयाची भाची मात्र कुठंच नव्हती, कारण तिनं अर्जच भरला नव्हता!

मी बसल्या बैठकीला एक छोटा प्रोग्राम लिहून सगळी नावं वेचली, अडतिसावी ओळ तीनदा वाचली आणि यादी वेळांसकट वेबसाइटवर टाकली. अध्यक्षांना विचारलं नाही. त्यांना कळेपर्यंत ती दर्यापूरपासून अचलपूरपर्यंत प्रत्येक मोबाइलवर पोचली होती.

"तुले कोनं सांगतलं होतं हे?" ते फोनवर ओरडले.

"तुम्हीच, साहेब. पेपरात."

दोन दिवसांनी पेपरात बातमी आली की अध्यक्षांच्या तत्परतेमुळे यादी वाचली. फोटोत छाती आणखी चार बोटं पुढे. जावई पुण्याला निघताना मला म्हणाला, "अहो, मुलींची माहिती अशी उघडी पाठवता? फार धोकादायक आहे हे." तेवढं मात्र तो अगदी बरोबर बोलला. मी ते त्याच दिवशी दुरुस्त केलं, नोंदवही साफ केली, आणि महिनाअखेर मालकांनी मला अकोल्याला जायला मोकळं केलं. अध्यक्षांचं पुढचं काम त्यांना हवं होतं.

त्याआधी प्रवेशाच्या दिवशी छापील यादी घेऊन मी वसतिगृहात गेलो होतो. हिवरखेडची मंडळी आली होती. बाप गादी घेऊन पुढे, आई पिशव्या घेऊन मागे. बापानं गादी खाटेवर टाकली आणि खिडकीचे गज दोन्ही हातांनी ओढून पाहिले. आणखी जोर लावला असता तर अख्खी इमारत त्याच्याबरोबर हिवरखेडला गेली असती. मग दाराची कडी पाहिली, नळ सोडून पाहिला, वॉर्डनबाईंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. नाही म्हणायला काही सापडेना.

"जेवन टायमावर भेटते का?" त्यानं वॉर्डनबाईंना विचारलं.

"भेटते. सात वाजता."

तो दारात थोडा वेळ उभा राहिला. मुलगी गादीची दोरी सोडायची थांबली.

"राय मंग इथंच," तो म्हणाला आणि अकोटची बस पाहायला चालता झाला. आई त्याच्यामागे जाता जाता पायऱ्यांवरून ओरडून सांगत होती, शेव कोणत्या पिशवीत आहे आणि कोणती आधी संपवायची.