साहेबांच्या पार्टीतला सिगार
परवा लग्नाच्या मांडवात कुणाच्या तरी सिगारचा वास आला आणि राहात्याची ती पानटपरी आठवली. तेव्हा मी घरातला पहिला पदवीधर, नोकरी नवीन. संध्याकाळी साहेबांच्या बढतीची पार्टी, सगळे सिगार ओढणार, मग मीच का हात बांधून बसू? टपरीवाल्या काकांना म्हणालो, "सौम्य सिगार द्या, परवडेल असा." बडीशेपेचा वास लागलेला एक बारीकसा सिगार बरणीतून काढून ते म्हणाले, "ह्यो घ्या सर, लई हलका." मला ठाऊक होती ती फक्त वडिलांची बिडी, सारखी ओढली नाही तर विझते. पार्टीत सिगारही तसाच ओढला, छाती भरून. चार झुरक्यांत घेरी आली आणि साहेबांसमोरच्या कुंडीत ओकलो. "ग्रॅज्युएटसाठी बिडी मागवा रे!" कुणीतरी ओरडलं, सगळे हसले. सकाळी तणतणत टपरी गाठली. "हा हलका? फसवलंत मला!" काका सुपारी कातरत म्हणाले, "धूर गिळला व्हय सर? त्यो तोंडातच घोळवून सोडायचा. इचारलं असतं तर सांगितलं असतं की." आजही तो वास आला की मी चरफडतो. सौम्य कोणता, हे विचारलं होतं. ओढायचा कसा, हे विचारायला माझी पदवी आडवी आली.