सात गाड्या, नऊ मुलं

चार्टमास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे उगाच रिकामी धावणारी गाडी. बस डेपोत बत्तीस वर्षं त्यांनी दोनशे चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावल्या. कोण कुठली गाडी नेणार, कुठे बदलून देणार, कुणाची सुट्टी, कुणाची सासू दर सोमवारीच का आजारी पडते, हे सगळं एका भल्यामोठ्या कागदावर पेन्सिलीने. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत दिसलं की नवे लोक विचारायचे, "हा कोण बुवा?" स्वतः मास्तरांना बस सोडाच, सायकलही जेमतेम चालवता येई. त्याबद्दल कुणी चिडवलं की ते म्हणत, "आचाऱ्याला भूक असलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

निवृत्त झाले, बायको गेली, आणि मास्तर धाकट्या भावाकडे राहायला गेले. तिथून लेकीने त्यांना तीन महिन्यांसाठी म्हणून आपल्या तळ्याकाठच्या घरी आणलं. दोन महिने झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता इथेच राहा." मास्तर म्हणाले, "बघू." या 'बघू'चा अर्थ त्यांनी मनाशी पक्का केला होता. आपला इथे काही उपयोग असेल तर राहायचं. नुसतं पाहुण्यासारखं बसून खायचं असेल तर भाऊ बरा, तिथे निदान भांडायला तरी माणूस आहे. भाऊ दर रविवारी सकाळी अकराच्या ठोक्याला फोन करी. "काय दादा, येतोस की राहतोस? नसशील येत तर तुझ्या खोलीत नातवाला अभ्यासाला बसवतो. बिचारा जिन्यात बसून गणितं करतोय."

पण मास्तरांना या वसाहतीचं काही कळतच नव्हतं, तर ठरवणार काय? घर अकरा खोल्यांचं आणि माणसं तीन. त्यातला जावई सोमवारी विमानाने जाणार तो गुरुवारी उगवणार. पहिले पंधरा दिवस मास्तरांच्या खोल्या चुकत. एकदा टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघाले ते कपडे धुवायच्या खोलीत पोचले. रस्ते स्वच्छ, झाडं कापूनकोरून उभी, आणि दिवसभर चिटपाखरू नाही. प्रत्येक घरामागे तळ्यात गेलेला एक लाकडी धक्का, धक्क्यावर दोन खुर्च्या, आणि त्या खुर्च्यांवर बसलेली बदकं. मास्तर एका सकाळी बदकं हाकलून तिथे बसले, तर शेजारची दातांची डॉक्टर कुंपणाशी धावत आली. "काका, सगळं ठीक आहे ना? बरं वाटतंय ना?"

"तळं बघतोय," मास्तर म्हणाले.

"हो का," ती म्हणाली, पण तिचं समाधान काही झालं नाही.

अकरा वर्षांची नात पोहायला जाई ती गावाबाहेरच्या छप्पर घातलेल्या तलावात. मास्तरांनी विचारलं, "अगं, दारात एवढं तळं असताना पोहायला लांब कशाला?"

"आजोबा, तळ्यात पोहत नाहीत. तळं बघायचं असतं."

"पण बघतं कोण?"

नातीने प्रामाणिकपणे विचार केला. "घर विकायला काढलं की लोक बघायला येतात."

दिवसभर झोपलेली ही वसाहत दुपारी साडेतीनला मात्र एकदम पिसाळे. वरच्या मजल्यावरून तळ्याकाठचा रस्ता दिसायचा. मास्तर खिडकीत उभे राहून पाहत. गल्लीतल्या पाच घरांमधून सात गाड्या एकामागोमाग एक निघत, प्रत्येकीत पुढे एक मोठं डोकं, मागे एक, फार तर दोन छोटी. पोहणं, पियानो, टेनिस, तळ्यापलीकडे होड्या वल्हवायचा वर्ग. सगळ्यांचा रस्ता एक, सगळ्यांची वेळ एक. मास्तरांनी पुन्हा एकदा मोजल्या, सातच. डेपोत असं घडलं असतं तर साहेबाने त्यांना त्याच सात गाड्यांखाली घातलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातीकडून चित्रकलेचा मोठा कागद आणि पट्टी मागून घेतली. पाच घरं, सात गाड्या, नऊ मुलं. कुणाचा कुठला वर्ग, कुणाला गाडी लागते, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं विचारून घेतलं. चार दिवस मास्तर जेवायला हाक मारूनही लवकर येत नव्हते. शेवटी चार्ट तयार झाला. सातऐवजी तीन गाड्यांत काम भागत होतं आणि प्रत्येक आईबापाला आठवड्याच्या चार संध्याकाळी मोकळ्या मिळत होत्या. लेकीला दाखवला, तेव्हा ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालाय, बाबा." तिचा आवाज जरा वेगळा लागला, पण मास्तरांचं लक्ष रेघांकडे होतं.

गल्लीने चार्ट डोक्यावर घेतला. दातांच्या डॉक्टरणीने तर तो फ्रिजवर लावला. पहिल्या आठवड्यात एकही मूल उशिरा पोचलं नाही, एकही गाडी रिकामी धावली नाही. मास्तर खिडकीतून मोजत होते, तीन म्हणजे तीन. पाय जमिनीवर ठरत नव्हते त्यांचे. त्या रविवारी भावाला म्हणाले, "बहुतेक राहतोय रे. इथे फार काम आहे." भाऊ म्हणाला, "बरं मग, खोली आवरायला घेऊ?" मास्तर म्हणाले, "एक आठवडा थांब."

थांब म्हणाले ते बरं झालं. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी खिडकीतून चार गाड्या दिसल्या. गुरुवारी पाच. समोरच्या घरातल्या वकिलाच्या बायकोचं नेमकं त्याच बाजूला काम निघालं होतं. कोपऱ्यावरच्या घरातल्या धाकट्याला म्हणे दुसऱ्यांच्या गाडीत मळमळतं. तिसऱ्या आठवड्यात सातच्या सात गाड्या पुन्हा रस्त्यावर. आणि गंमत अशी, की भेटेल तो माणूस चार्टची तारीफच करत होता. "काय डोकं आहे हो तुमचं!" म्हणायचे आणि गाडीत बसून निघून जायचे. मास्तर चक्रावले. डेपोतला चालक ड्यूटी पसंत नसली की टेबलावर हात आपटून आईमाईवरून शिव्या द्यायचा. मग ड्यूटी बदलून देता यायची. या हसऱ्या माणसांचं करायचं काय? त्यांनी चार्ट तीनदा तपासला. चूक असेल तर सापडावी, अशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इच्छा केली. चूक नव्हती.

मग कुंपणानेच शेत खाल्लं. एका गुरुवारी नातीला आणायची पाळी डॉक्टरणीची होती, तर लेकच कामावरून लवकर निघून तिला आणायला गेली. सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी अंगणात येऊन थांबली. इंजिन बंद झालं. मास्तर खिडकीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुणी उतरेना. पंधरा झाली. दार अडकलं असणार, या नव्या गाड्यांचा काय भरवसा! मास्तर जिना उतरून बाहेर गेले.

नात पुढच्या सीटवर बूट काढून, पाय वर घेऊन बसली होती आणि हातवारे करत काहीतरी सांगत होती. गाल ओले होते, पण मधूनच हसतही होती. लेक समोरच्या बंद गॅरेजकडे बघत मान डोलावत होती. मास्तरांनी काचेवर टकटक केलं. दोघी एकदम गप्प झाल्या.

"काय झालं? दार अडकलं का?"

"नाही बाबा. येतोच आम्ही."

"मग बसलात का?"

"काही नाही. असंच."

मास्तर आत आले. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. आपण कुठल्यातरी खोलीत न विचारता शिरलो आणि ती खोली अकरांपैकी कुठलीच नव्हती, असं काहीतरी त्यांना होत राहिलं.

शनिवारी डॉक्टरीणबाई कुंपण कापत होत्या. मास्तरांनी सरळ जाऊन विचारलं, "चार्टमध्ये काय चुकलं, ते एकदा सांगून टाका. मी रागावणार नाही."

तिने कात्री खाली ठेवली. "काही चुकलं नाही हो, काका. माझा मोठा आहे ना, तो घरात दार लावून बसतो. जेवताना विचारलं, आज काय झालं, तर म्हणतो, काही नाही. गाडीत मात्र बोलतो. तिथे मी त्याच्याकडे बघत नसते ना, रस्त्याकडे बघत असते."

मास्तरांनी विचार केला. "मग घरातच शेजारी शेजारी बसा आणि भिंतीकडे बघत बोला की!"

ती हसली आणि हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले. "करून पाहिलंय. नाही जमत."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"मलाच कुठे ठाऊक होतं? तुमच्या चार्टने मला चार संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या. घरात बसून राहिले नुसती. काय करावं तेच कळेना. शुक्रवारी तो दुसऱ्यांच्या गाडीतून आला आणि सरळ वर निघून गेला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला."

मास्तर परत आले, खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. ऐकलेलं सगळं समजलं होतं, पण पटत नव्हतं. एवढी मोठी घरं बांधायची आणि बोलायला गाडीत जायचं? आणि त्यातही आपण तीन गाड्यांत नऊ मुलं कोंबली, म्हणजे नेमकं काय केलं? बत्तीस वर्षं जे केलं तेच तर केलं. एवढं मात्र स्पष्ट झालं, की त्यांना येत होती ती एकच विद्या इथे कुणाच्या उपयोगाची नव्हती.

रविवारी सकाळी चहा घेता घेता ते लेकीला म्हणाले, "आज तुझ्या काकाचा फोन आला की सांगतो, मी येतोय म्हणून. रागावू नकोस. इथे माझं काही काम नाही."

 लेकीने कप ठेवला, गाडीची किल्ली उचलली. "चला बाबा, दूध आणायचंय."

दुधाच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये होत्या. मास्तरांनी सकाळीच पाहिल्या होत्या. पण लेकीचा चेहरा बघून ते मुकाट्याने गाडीत बसले. दुकान डावीकडे होतं, गाडी उजवीकडे वळली आणि तळ्याच्या रस्त्याला लागली. मास्तरांच्या ओठांवर आलं होतं, अगं, उलट्या बाजूला चाललीस. त्यांनी ते गिळलं.

एकामागून एक धक्के मागे पडले. मग रस्त्याकडे बघत लेक म्हणाली, "बाबा, तुमचा तो जाड काड्यांचा चष्मा आठवतो? कामावर जाताना विसरायचात तो?"

मास्तर हसले. डेपोतला जुना विनोद होता तो. दोनशे माणसांच्या ड्यूट्या तोंडपाठ आणि स्वतःचा चष्मा घरी! "न आठवायला काय झालं? दुपारी तू घेऊन यायचीस. तुझी आई पाठवायची."

"आई नव्हती पाठवत. शाळेतून आले की मीच म्हणायचे, मी देऊन येते." तिने गाडीचा वेग जरा कमी केला. "आणि तुम्ही विसरतही नव्हता. तुम्ही बूट घालायला बसलात की मी पिशवीतून काढून ठेवायचे."

"तू?"

"हो."

"ते कशाला?"

"डेपोत यायला मिळायचं म्हणून."

मास्तरांना काही कळेना. विसराळूपणावरून त्यांनी स्वतःला किती नावं ठेवली होती, बायकोवर किती वेळा खेकसले होते! आणि ती मात्र टेबलाशी येऊन चष्मा पुढे करायची, हे त्यांना लख्ख दिसत होतं. 'शाब्बास' म्हणून ते चष्मा लावायचे, घराकडची पुढची गाडी बघायचे आणि स्वतः नेऊन तिला खिडकीशी बसवायचे, वाहकाला बजावायचे. इतरांची पोरं डेपोच्या आवारात तासतासभर उनाडायची. माझ्या लेकीला पाच मिनिटंही ताटकळावं लागत नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता!

"बारा दहाची," लेक म्हणाली. "नेहमी बारा दहाची मिळायची. मी बाराला पोचायचे."

"अगं, मग बोलायचं नाहीस का तेव्हा?"

"काय बोलायचं ते येताना बसमध्ये ठरवून यायचे. पण चष्मा लावला की तुम्ही कागदच बघायचात."

ती रागाने बोलली नव्हती. रागाने बोलली असती तर मास्तरांना उत्तर देता आलं असतं. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले. तीसेक वर्षांपूर्वीच्या त्या दहा मिनिटांचं आता काय करायचं असतं, ते कुठल्या रकान्यात बसतं, त्यांना उमजेना. 

एवढ्यात खिशातला फोन वाजला. अकरा वाजले होते.

"काय दादा, काय ठरलं?" भाऊ पलीकडून म्हणाला. "खोलीचं काय करू?"

"अजून काही ठरलं नाही रे," मास्तर म्हणाले. "आम्ही आत्ता गाडीत आहोत. मग बोलतो."

फोन बंद करून त्यांनी तो खिशात ठेवला. लेकीकडे वळून बघावंसं वाटलं, पण ते वळले नाहीत.

"हं," ते म्हणाले, "काय ठरवून यायचीस?"