रूथचा पाइप व्यंकटच्या दारात

दुष्काळात जळकोटकडं जाऊ नका, असं एरवी मीच सांगितलं असतं. पण धाकट्या बहिणीचा, रूथचा, नांदेडला फोन आला.

"दादा, उद्या ये. व्यंकटला पानी द्यायला जायचंय. एकटीला लई भ्या वाटून राहिलंय."

व्यंकट तिचा शेजारी. गेल्या साली बांधावरून भांडण झालं, तेव्हा त्यानं तिच्या पोराचं डोकं फोडलं होतं. पोरगा वाचला, लातूरला कामाला लागला. पण दोन घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

जाणाऱ्यांनी सकाळचीच एसटी धरावी, दुपारी पत्रा भाजतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत नाही. पाण्याची बाटली मात्र घरून भरून न्यावी. कंधारच्या पुढं मन्याड नदी दिसली, म्हणजे नुसती वाळू. मास्तर होतो तेव्हा शाळेत आम्ही ज्या कविता ताला-सुरात म्हणायचो, त्यांतल्या नद्या कशा दुथडी वाहायच्या! ओठांवर एक ओळ आली होती, ती तिथंच सुकली.

जांबच्या थांब्यावर नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेतला. फोडणी झकास होती. समोर नव्या उदगीर जिल्ह्याच्या मागणीचा फलक लटकत होता.

"जिल्हा झाला की पानी येतंय म्हणं," एक म्हातारा म्हणाला.

"हाव, कलेक्टर येतोय. त्याला बी प्यायला तुमच्याच घरी आनतो," कंडक्टर बोलला. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

जळकोटहून रिक्षानं गाव गाठलं. रूथ दारातच उभी होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीत रिवाज आहे: कुणाशी वैर असलं तर आधी त्याच्याकडं जायचं, मग चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरी घ्यायची. भांडणापासून रूथ भाकरीचं ताट पुढून जाऊ द्यायची. पाळकांनी कधी टोकलं नाही. तिचं तिलाच खुपायचं. उद्या रविवार, प्रभुभोजनाचा.

"नुसतं बोलून ये की. पाणी कशाला?" मी म्हणालो. तिचा बोअर आधीच धापा टाकत होता. थोडं पाणी यायचं, मग नुसती हवा.

"त्याचा बोअर आटलाय. टँकर कवा येतो, कवा न्हाई. म्हातारी माय हातरुनावर हाय."

"आणि तुझा आटला तर?"

"ते मला बी दिसतंय, दादा. पर तान्हेल्या वैऱ्याला पानी पाज, हे देवानं माझा बोअर बघून सांगितलं न्हाई."

उन्हं कलताना मोटार सुरू करून आम्ही पाइप ओढत निघालो. व्यंकट अंगणात कोयत्यानं शेरडांसाठी पाला तोडत होता. आम्हाला पाहून उठला. कोयता हातातच. 

"काय पायजे?"

"काय न्हाई. पानी आनलंय."

"पानी?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "इख कालवलंय का काय?"

रूथनं पाइपाखाली ओंजळ धरली अन् घटाघटा प्याली. त्यानं कोयत्याचं टोक माझ्याकडं केलं.

"आता तुमी, गुर्जी."

मी प्यालो. गढूळ, कोमट पाणी. अर्धं सदऱ्यावर सांडलं. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन हाय रं?"  व्यंकटनं कोयता भिंतीला खोचला, पाइप उचलून पिंपात सोडला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. पिंप अर्ध्याच्या वर गेलं आणि पाइप खोकला. थोडं पाणी, मग हवा. मोटार बंद करायला मी वळलो, तर रूथनं माझं मनगट घट्ट धरलं. भरेल तेवढं भरू दिलं.

रविवारी तिनं भाकरी घेतली. मी शेजारी बसून तिच्या बोअरचाच विचार करत होतो.

नांदेडला परतलो आणि आठवड्याच्या आत तिचा फोन आला.

"दादा, आटला."

मी सांगितलं होतं, हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. गिळले.

"व्यंकट काय म्हणाला?"

"काय न्हाई. टँकरच्या लायनीत त्याच्या बायकोच्या मागं हुभी ऱ्हाते. ती बोलत न्हाई."

"पस्तावतेस?"

फोनवर लायनीतली भांडी वाजत होती.

"भ्या वाटतंय. पर तवा बी वाटतच व्हतं की. ठेवते, नंबर आला."

तेव्हापासून प्रार्थना करताना एका जागी माझी जीभ अडते. देवा, तुझ्या मर्जीप्रमाणे होऊ दे, असं आयुष्यभर डोळे मिटून, चाल लावून म्हणत आलो. आता तिथं आलो की डोळे उघडतात. त्याची मर्जी मला कुणाच्या दारात उभं करील, या धास्तीनं मी ती ओळ फार हळू म्हणतो.