दोन जाड ॲक्सल आणि साखरपाड्याचा चढ

ॲक्सलची जोडी अडतीस हजार. वेल्डर रफिकभाईची मजुरी बावीस हजार. पाच मोठे टायर, लांब केलेला प्रोपेलर शाफ्ट, कापलेले मडगार्ड, स्प्रिंगचे पाटे आणि किरकोळ नट-बोल्ट धरून खर्च लाखाच्या बराच वर गेला. जुन्या जीपला मोठे टायर लावायचे मनात असलेले लोक मला पहिला हाच आकडा विचारतात, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

खरा खर्च मात्र अकरा रविवार. दादाकडे तेव्हा किती रविवार शिल्लक आहेत हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. सतरा होते. त्यातले अकरा मी वर्कशॉपमध्ये घालवले, बाराव्या रविवारी आम्ही निघालो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अंबरनाथच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं गिअर कापले त्याने. कारखाना बंद पडला तेव्हा हातात आलेल्या पैशांतून लोक फ्लॅट घेत होते, याने लिलावातली जीप घेतली. वहिनी आठ दिवस बोलल्या नव्हत्या. मी लेथवर उभा राहायला शिकलो तो त्याच्याच हाताखाली. आज अंबरनाथलाच, आनंदनगरला माझ्या स्वतःच्या तीन मशिनी आहेत, बदलापूरला हेंद्रेपाड्यात घर आहे, आणि या सगळ्याचा थोडा माज माझ्या अंगात आहे, तो लपवत नाही. विशेषतः कानांचा. बेअरिंग कुठलं गेलं, गिअर कुठे घासतोय, हे मी गाडी फाटकातून आत येईपर्यंत सांगतो. ॲक्सल हाताने फिरवून द्या, आत दात किती ते ऐकून सांगेन, असं मी चारचौघांत म्हणत आलोय आणि कोणी मला खोटं पाडलेलं नव्हतं.

आमचं गाव मुरबाडच्या पुढे, साखरपाडा. डांबरी रस्ता ओढ्यापाशी संपतो. तिथून दीडेक किलोमीटर दगडांचा चढ आणि वर सपाटी. घराचं आता नुसतं जोतं उरलंय. जोत्यामागे एक रायवळ आंबा आहे, तो दादाने पहिल्या पगाराच्या महिन्यात लावलेला. शेवटची दोन वर्षं दादाची फुप्फुसं साथ देत नव्हती. वीस पावलं चालला की थांबायचा. त्याला एकदा त्या आंब्याखाली बसायचं होतं. बाकी काही मागत नव्हता.

थंडीत एकदा नेलं होतं. जुने अरुंद टायर, ओढ्यातच जीपचं पोट दगडाला टेकलं. वरून पाड्यातली चार माणसं खुर्चीला बांबू बांधून घेऊन आली. म्हणाली, "दादा, बसा. पंधरा मिनिटांत वर."

दादा हसला. "उचलून न्यायचं ते एकदाच रे. आत्ता नको."

परत आलो. त्या रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "पुढच्या खेपेला सीटवरून न उतरवता तुला आंब्याखाली नेतो."

मोठे टायर नुसते चढवून भागत नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या. टायर मोठा झाला की जुन्या बारीक ॲक्सलवर जोर वाढतो, आणि तो नेमका चढावर मोडतो. म्हणून जड गाडीचे जाड ॲक्सल शोधायचे, पुढचा आणि मागचा. त्यासाठी गेलो उल्हासनगरला. जुन्या सामानाची दुकानं सकाळी जरा उशिरा उघडतात, तोवर दाल-पकवान खाऊन घ्यावं, दोन प्लेटमध्ये दोघांची न्याहारी होते. दादा तेव्हा बरोबर होता. पकवान मोडून डाळीत बुडवत म्हणाला, "तेलकट आहे. वहिनीला सांगू नकोस."

दुकानदार साठीचे सिंधी गृहस्थ. गोदामात ॲक्सल लाकडाच्या ओंडक्यांसारखे रचलेले. दोन बाजूला काढून ठेवले आणि म्हणाले, "साईं, माल पक्का आहे. पण दोन्ही एकाच गाडीचे निघाले की नाही, हे मी छातीवर हात ठेवून नाही बोलणार. मोजून घ्या."

हे मोजणं महत्त्वाचं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं दातांचं प्रमाण एकच लागतं. नाहीतर चारही चाकांना जोर देणारा दांडा टाकला, की पुढची चाकं एका वेगाने ओढतात आणि मागची दुसऱ्या. सपाट रस्त्यावर दांडा टाकलेला नसतो, त्यामुळे कळतही नाही; मातीवर चाकं सरकून तो फरक जिरतो, पक्क्या दगडावर मात्र आतले गिअर तुटतात. दादाची पद्धत जुनी होती. चाकाच्या कडेला खडूची रेघ, गिअरकडून ॲक्सलला जोर आणणाऱ्या शाफ्टला खडूची रेघ. चाक बरोबर एक फेरी फिरवायचं आणि शाफ्टच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं. मला शिकवताना म्हणायचा, "खडू लाव. कान घरी ठेव."

दादा बाहेर सावलीत स्टुलावर बसला होता. मी आत जाऊन दोन्ही ॲक्सल हाताने फिरवले, कान लावला. घरघर सारखीच. शेठना म्हणालो, "जोडी आहे."

"बिना मोजता?"

"तीस वर्षं हेच ऐकतोय शेठ."

"वाह साईं," ते म्हणाले, आणि बिल केलं. त्यांचा यात काही दोष नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

काम आनंदनगरलाच रफिकभाईच्या शेडमध्ये. हौस म्हणून कोणी करणार असेल, तर आधी आरटीओत विचारा. मी घाईत होतो. रुंद ॲक्सल बसवायचा म्हणजे पाट्यांच्या बैठका कापून पुन्हा वेल्ड करायच्या, ब्रेकच्या नळ्या लांब करायच्या, शाफ्ट वाढवायचा. आठवडाभर आमची दोघांची पोटापाण्याची कामं, म्हणून फक्त रविवार. पहिले चार रविवार दादा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून देखरेख करायचा. तिसऱ्या रविवारी त्याने विचारलं, "सुन्या, खडू लावलास ना?"

रफिकभाई वेल्डिंगची काच वर करून आमच्याकडे बघत होता. मी म्हणालो, "मोजले."

"बरं," दादा म्हणाला.

पाचव्या रविवारपासून तो शेडवर आला नाही. संध्याकाळी मी घरी जाऊन सांगायचो, आज पुढचा बसला, आज ब्रेक झाले. तो डोळे मिटून ऐकायचा आणि विचारायचा, "आवाज कसा आहे?"

बाराव्या रविवारी सकाळी सहाला हेंद्रेपाड्यातून निघालो. मी, दादा, मागे वहिनी आणि हत्यारांची पेटी मांडीवर घेतलेला रफिकभाई. वहिनींनी भाकऱ्या, सुकटीची चटणी, थर्मास असं सगळं घेतलेलं. जीप आता अशी उंच झाली होती की सोसायटीतले लोक गॅलरीत येऊन बघत होते. मी जरा ऐटीतच दार उघडलं. दादाने पाय उचलला, तो पायरीपर्यंतही पोचेना.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "गाडी एवढी उंच केलीत, माणूस आत चढायचा कसा ते बघितलंत का?"

वर जाऊन स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. दादा त्यावर उभा राहिला, श्वास घेतला, मग बसला. स्टूलही गाडीत टाकलं.

बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूचा रस्ता सकाळी घ्यावा. दोन्हीकडे साग, मध्येच माकडं, आणि ऊन चढायच्या आत मुरबाड गाठता येतं. दादा खिडकीबाहेर हात काढून बसला होता. मुरबाडला मिसळ खाल्ली. दादाने नुसता चहा घेतला, पाव माझ्या ताटलीत सरकवला. रफिकभाई त्याला म्हणाला, "दादा, वर जाऊन काय करणार?"

"बसणार."

"बस इतनाच?"

"तू अंबरनाथहून मुरबाडपर्यंत आलास ना रविवार सोडून? मग मी बसायला जातो म्हटलं तर एवढं काय?"

दहाच्या सुमारास ओढा आला. थंडीत जिथे पोट टेकलं होतं, तो दगड तिथेच होता. मी दांडा टाकला आणि ओढा ओलांडला; दगड कधी मागे पडला कळलंसुद्धा नाही. वहिनी टाळी वाजवायच्या बाकी होत्या. दादा माझ्याकडे बघून मान हलवत होता, लहानपणी मी पहिला बरोबर मापाचा तुकडा काढला तेव्हा हलवली होती तशी. या सगळ्या खर्चातून मला जे मिळालं, ते तेवढं.

चढ लागला आणि खालून टक-टक सुरू झालं. स्टिअरिंग जड. दादा म्हणाला, "कसला आवाज?"

"नवीन टायर आहेत. दगडावर बोलतात."

 अर्ध्या चढावर कातळाचा मोठा गुळगुळीत तिरका पट्टा आहे. तिथे चाकांना सरकायला माती नव्हती. गिअरबॉक्सच्या मागे एक डबा असतो, तिथून पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटला जातो. त्यात बंदुकीसारखा आवाज झाला. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. मी ब्रेकवर उभा, रफिकभाईने उडी मारून चाकांना दगड लावले. मग खाली शिरला आणि तेलाने माखून बाहेर आला. "गेला. पूरा गेला, सुनीलभाई. समझ में नहीं आता, कसं काय?"

 दादाने हळूच विचारलं, "दांडा टाकल्यावरच आवाज सुरू झाला ना?"

"हो."

त्याने खिडकीतून वाकून पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग वहिनींना आणि रफिकभाईला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "टायर मोठे घातले की असं व्हायचंच. याचं काही चुकलं नाही."

एवढं बोलून त्याला धाप लागली.

पाड्यातली माणसं आली. खुर्ची आणतो म्हणाली. दादाने नुसता हात हलवला. मला म्हणाला, "तू जाऊन ये. झाड आहे का बघ."

मी पळत गेलो. झाड होतं. जोत्यावर गवत वाढलेलं, पण आंबा चांगला पसरलेला, कैऱ्यांनी लगडलेला. दोन कैऱ्या तोडून खाली आलो. दादा सीटवरच होता. त्याने कैरी नाकाशी धरली.

"खाली सावली पडते?"

"पडते."

"किती?"

"दहा माणसं बसतील."

"मग झालं," तो म्हणाला, आणि वहिनींना म्हणाला, "भाकरी काढ." जीपमध्येच बसून आम्ही चढाच्या मध्यावर जेवलो.

पाड्यातल्या ट्रॅक्टरने जीप डांबरीपर्यंत ओढली, तिथून टेम्पो. ओढायचे दोन हजार झाले. तिकडे मोठी गाडी घेऊन जाणाऱ्यांनी दोर स्वतःचा न्यावा.

त्यानंतर पाच रविवार. दादाने जीपचा विषय काढला नाही. मी काढला की म्हणायचा, "होईल रे." पाचव्या रविवारनंतरच्या मंगळवारी, सकाळी, घरीच गेला. विहारातली माणसं आली, त्रिशरण झालं. अस्थी आंब्याच्या मुळाशी पुरायच्या असं वहिनींनी ठरवलं. ओढ्यापर्यंत रिक्षाने गेलो. पुढे मडकं मी दोन्ही हातांत धरून चढलो. कातळाच्या पट्ट्यावर जीपच्या तेलाचा डाग अजून होता. वर पोचायला बावीस मिनिटं लागली.

स्टूल मात्र वहिनींनी परत स्वयंपाकघरात नेलं नाही. ते दारामागे आहे, त्यावर कोणी बसत नाही.

गेल्या रविवारी मी एकटा शेडवर गेलो. रफिकभाईला बोलावलं नाही. जीप चारही बाजूंनी जॅकवर घेतली. डॅशबोर्डचा खण उघडला, त्यात दादाचा खडू होता, कागदात गुंडाळलेला. चाकांना रेघ मारली, शाफ्टला रेघ मारली.

पुढची चाकं एक फेरी: शाफ्ट पाच फेऱ्यांना थोडा कमी. मागची चाकं एक फेरी: शाफ्ट पाच फेऱ्या, आणि वर जवळजवळ अर्धी.

पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. दोन्ही वेळचं मिळून दहा मिनिटं लागली.