पद्माक्कांच्या घरचा फोन

पद्माक्का गेल्याचा फोन मीच उचलला. त्यांचा रमेश म्हणाला, "मावशी, स्वल्प, जरा सुधाला देता का?" मी रिसीव्हर लेकीच्या हातात दिला आणि बातमी तिच्या चेहऱ्यावरून कळली. भिंतीला भिंत लागून शेजार माझा, आणि पहिली हाक सुधाला... महिना होऊन गेला, अजून खुपतंय.

इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत पूर्वी फोन एकट्या पद्माक्कांकडे. कुणाचा आला की त्या खिडकीतून हाक मारायच्या, माणूस स्टुलावर बसला की दार ओढून घ्यायच्या आणि अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालत राहायच्या. इतकं पाणी पिऊन तो मोगरा कुजला कसा नाही, देव जाणे. बोम्मसंद्र्याला नोकरी लागल्यावर सुधाचे फोन वाढले. एकदा मी विचारलंच, "कुणाचा होता हो?"

"सुधाला विचार."

"मी आई आहे तिची."

"म्हणून तर. तुला सांगेल ती."

नाहीच सांगितलं. अक्कांना मात्र सगळं ठाऊक. पोर माझ्या पोटची आणि तिच्या पोटातलं त्यांच्याकडे.

मग हुबळीचं स्थळ आलं. मुलीची चौकशी शेजारी करायची आपली रीतच. त्या लोकांनी पद्माक्कांना फोन लावला. लहानपणी मुलीला फिट यायच्या म्हणे, खरं का? अक्का खरंही बोलल्या नाहीत, खोटंही नाही. "तिची गोष्ट आहे, तिला विचारून सांगते, सरी? चालेल ना?" म्हणाल्या आणि फोन ठेवला. स्थळ मोडलं. नुसतं 'नाही' म्हणाला असतात तर जीभ झडली असती का, म्हणून मी भांडले. सुधा मात्र त्यांच्या गळ्यात पडली. माझ्याबद्दल मला विचारायचं आजवर कुणाला सुचलं नव्हतं, म्हणाली. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी काय तिचं वाईट चिंतत होते?

पुढे आमच्याकडेही फोन आला. मी हौसेने त्यावर विणलेला रुमाल घातला. तरी मनातलं बोलायचं असलं की सुधा अक्कांच्याच स्टुलावर जाऊन बसायची.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर ती अक्कांच्या फोनच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. आतून हुंदके ऐकू आले. माझ्यापाशी ती अशी कधी रडली नव्हती... मेलेल्या बाईचाही हेवा वाटतो माणसाला. दाराला लावलेला हात मी काढून घेतला. अंगणात तांब्या तिथेच होता. मोगऱ्याला पाणी घातलं. दार उघडेना, तेव्हा पुन्हा घातलं.