धरतंय, पण सोडंना

काचेची छोटी बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, आतली पांढरी पावडर हलवायची आणि म्हणायचं, "धरतंय, पण सोडंना." नांदेडच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या मॅडमची सकाळ अशी सुरू व्हायची. मी शेजारच्या टेबलावर. सुरुवातीला मला वाटायचं, हे माझ्याबद्दलच चाललंय. मी मनातल्या मनात माफी मागूनही टाकली होती.

त्या पावडरीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं होती. पाण्यातलं फ्लोराइड त्यांत अडकायचं, पण मग बाहेर निघायचं नाही. म्हणजे एका वापरात पावडर वाया. मीही तोच विषय शिकवतो, तरी मॅडमनी मला ते एस.टी.वरून समजावलं. "नांदेडहून गाडी भरून निघाली, सर. मुखेड आलं तरी कुणी उतरंना. उद्या त्या गाडीत कुणाला घेणार?"

मॅडम मुखेडकडच्याच. बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्यावर वाढलेल्या, म्हणून दातांवर तपकिरी पट्टे. पण हसायच्या तोंड भरून, कॉरिडॉरच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं. माझे दात स्वच्छ आहेत, आणि हसण्याआधी मी कुणाचं मन दुखेल का ते बघतो.

माझ्यासारखा एक जण तुमच्याही ऑफिसात असेल. वजनकाट्याजवळ शिंकलो, की माफी. त्यांचं ओव्हन चुकून उघडलं, की माफी. उघडलं नव्हतं हे आठवलं, की उगाच त्रास दिल्याबद्दल आणखी एक. एकदा त्या म्हणाल्या, "सर, मागच्या आठवड्यातली माफी अजून टेबलावर पडून हाय. ही कुठं ठेवू?"

किनवटजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात आम्ही त्या पावडरीचं गाळण घेऊन गेलो. तिथंही बोअरचंच पाणी; मोठ्या मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. धाकट्यांचे पक्के दात नुकते येत होते. गाळलेलं पाणी तपासलं, पिण्याजोगं निघालं. अधीक्षक बाई खूश झाल्या, गाळण आजच ठेवून जा म्हणाल्या.

"आत्ता न्हाई, बाई," मॅडम म्हणाल्या. "थोड्या दिवसांत पावडर भरून जाईल. तुम्ही गाळणाच्या भरवशावर राहाल, आन् पोरी तेच पाणी पितील."

दरवेळी नवी पावडर देता येईल का, असं बाईंनी विचारलं. तेवढी बनवणं आमच्याने होणार नव्हतं. गाळण उचलून आम्ही निघालो. जीपमध्ये मॅडम धाकट्या मुलींबद्दल एवढंच बोलल्या, की दात आले की आले, मग पाणी बदलून उपयोग नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "माफ करा, मॅडम."

"बोअर तुम्ही मारलाव का?"

पुढे त्या पावडर बनवायची रीतच बदलत राहिल्या. सोड्याच्या पाण्यात धुतली की कधी फ्लोराइड सुटायचं, पण पावडरच विरायची. कधी पावडर टिकायची, तर फ्लोराइड हटायचं नाही. मग एका दुपारी मी डबा उघडत असताना त्या बाटली घेऊन आल्या. पुन्हापुन्हा धुतलेली पावडर, तरी तशीच काम करत होती. "सोडलं," म्हणाल्या. अभिनंदन करायला मी उठलो आणि तोंडून सवयीने "माफ करा" निघालं.

त्या इतक्या हसल्या, की स्टुलावर बसल्या. "पावडर शिकली, सर. आता तुमचीच पाळी."

वसतिगृहात गाळण बसलं. मॅडम मात्र लातूरला मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या. आता भरलेली पावडर मी नांदेडला आणतो, धुतो, वाळवतो आणि किनवटला परत नेतो. खिडकीपाशी उभं राहून बाटलीही हलवतो. 

गेल्या खेपेला पाणी तपासलं आणि तिथूनच मॅडमना मेसेज लिहिला: "पाणी चांगलं आहे. कळवायला उशीर झाला, माफ करा." मग शेवटचं वाक्य पुसलं. मोठ्या निग्रहाने पुसलं आणि पाठवला.

लगेच उत्तर आलं: "आज माफी न्हाई? तब्येत बरी हाय ना, सर?"

त्यांना उगाच काळजीत टाकल्याबद्दल मी ताबडतोब माफी मागितली.