दहा गोल खाल्लेला ऑर्मंड

आमच्या बेटावरच्या ग्वाव या कोळ्यांच्या गावात पोरगं चालायला लागलं की होडीत बसतं. ऑर्मंड मोडेस्ट मात्र होडीत बसला की ओकायचा. बापानं दोन-तीनदा नेऊन पाहिलं, मग नाद सोडला. ऑर्मंड जायफळाच्या वखारीत पोती उचलायला लागला आणि संध्याकाळी किनाऱ्यावर आमच्यात खेळायला येऊ लागला. पळणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून आम्ही त्याला गोलात उभं केलं. मिसरूड फुटतंय तोवर तो देशाच्या संघात गेला. मीही त्याच संघात मधल्या फळीत खेळायचो.

पात्रता फेरीत आम्ही एका मोठ्या देशात गेलो आणि दहा गोल खाऊन आलो. ऑर्मंडनं त्याहून जास्त अडवले होते, पण अडवलेले कोण मोजतं?

परत आलो तेव्हा बस मासळीबाजारापाशी थांबली. टँटी युनिस ट्यूना कापत बसली होती. टँटी म्हणजे मावशी; सगळ्या गावाची मावशी आणि गावातली सगळ्यात फटकळ बाई. सुरी तशीच हातात धरून ती ओरडली, "आले गं बाई साहेब! ऑर्मंड, तुझं ते जाळं आण इकडं. माझा नवरा शिवून देईल."

"नको टँटी," ऑर्मंड म्हणाला. "तुमचे मालक रोज रिकामं जाळं घेऊन येतात. माझं निदान भरलं तरी होतं."

सगळा बाजार हसला. टँटीही हसली आणि तिनं माशाचा एक मोठा तुकडा त्याच्या हातात कोंबला.

घरी मात्र तो जेवेना. त्याच्या आईनं, मिस व्हर्लिननं, नीरफणस भाजला होता. मीही पानावर होतो.

"आई, मी आता खेळत नाही."

"बरं. मग परतीच्या सामन्याला कोण उभं राहणार?"

"दुसरा गोली आहे की."

"तो येतो म्हणालाय?"

ते दहा गोल ऐकून दुसऱ्याची पाठ धरली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग खा," आई म्हणाली. "उपाशीपोटी उडी मारता येत नाही."

परतीचा सामना त्याच मोठ्या देशाशी, आमच्या राजधानीत झाला. त्या दिवशी ऑर्मंडला काय झालं होतं कोण जाणे. वरून, खालून, पायांच्या गर्दीतून, येईल तो चेंडू त्याच्या छातीशी जाऊन बसायचा. शेवटपर्यंत शून्य-शून्य. लोक ओरडायचं विसरले होते. आणि शिट्टी वाजायला आली असताना आमचा डेन्झिल कॅडेट, पहिल्यांदाच संघात आलेला बॅक, चेंडू बाहेर मारायला गेला. पण चेंडू त्याच्या नडगीला लागून आमच्याच जाळ्यात शिरला.

डेन्झिल गवतात तोंड खुपसून पडला. ऑर्मंडनं त्याला जायफळाच्या पोत्यासारखं बगलेत धरून उचललं.

"दादा, मी सगळं घालवलं."

"दहा माझ्या नावावर आहेत. एक तुझ्या नावावर राहू दे की. सगळं मीच घेऊ? इतका हावरट नाही मी."

डेन्झिल रडता रडता हसला. सामना हरलो होतो, तरी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर कितीतरी वर्षं देशाच्या गोलात दुसरं कुणी उभं राहिलं नाही. मधे त्रिनिदादच्या एका क्लबनं त्याला बोलावलं. एक हंगाम खेळून तो परत आला. म्हणाला, "तिथं कुणी शिव्याच देत नाही रे. करमत नाही."

शेवटी गुडघ्यानं साथ सोडली. त्याचा अखेरचा सामना आम्ही शेजारच्या बेटाविरुद्ध जिंकलो, तोही तीन गोलांनी. मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तर हा बाकावर हातमोजे काढत फुरंगटून बसलेला.

"अरे, जिंकलो ना?"

"जिंकलो. पण तुम्ही लोकांनी चेंडू तिकडंच ठेवला. माझ्यापर्यंत दोनदा आला फक्त. माणसानं निरोप घ्यायचा तरी कसा?"

मग हातमोजे झटकून उठला आणि म्हणाला, "चल, भूक लागलीय."